डचेसची सुतळी

बांधायच्या आडव्या ओंडक्याला पाच खेचरं आणि एक घोडी. प्रत्येक खेचरावर दोन पेट्या, म्हणजे दहा. पुढच्या खेचराच्या खोगिरामागे सुतळीचा एक फास आणि त्यात मागच्याचा दोर, असे फास चार. पाचवा घोडीच्या खोगिरामागे. वेल्माने प्रत्येक फासाला बोट लावून पाहिलं. बोटं मिटत नव्हती, त्यांना स्पर्शही नीट कळत नव्हता, पण मोजण्यापुरती चालत होती.

"हा पाचवा कशाला?" ड्वेनने विचारलं. खेचरांवरून सामान पोचवणारा हा तळ त्याच्या सासऱ्याचा. या उन्हाळ्यापासून कारभार तो बघत होता. "पहिल्या खेचराचा दोर हातात धरायचा असतो ना? तूच मला शिकवलं होतंस."

"तुला शिकवलं होतं. मला कॉफी प्यायला हात मोकळा लागतो."

"म्हातारी झालीस, वेल्मा."

"तुझ्या टोपीपेक्षा कमीच."

तो हसला आणि आत गेला. तिने हात खिशात घातले. बोटांचं त्याला कळलं असतं तर उद्यापासून ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली असती.

सुतळी मुद्दाम कच्ची वापरतात. कड्यावर एखादं खेचर घसरलं तर सुतळी तुटते आणि ते एकटंच जातं. वेल्माचा भाऊ मर्ल याने एका वर्षी कंटाळून सुतळी दुहेरी बांधली होती. त्याची चार खेचरं एकामागून एक गेली. तो स्वतः वाचला, कारण पुढचा दोर त्याच्या हातात होता आणि तो त्याला सोडता आला.

खेचरांत डचेस सगळ्यात शेवटी असे. पहिल्या ओढ्याशी पाय रोवून सुतळी तोडायची हा तिचा रोजचा नेम, आणि वेल्माने उतरून शिव्या देत नवी बांधायची हाही. आज डचेसने पाय रोवले, मान ताणली, आणि मुकाट्याने पाण्यात उतरली.

"शहाणी झालीस काय गं?" वेल्मा मागे न बघता म्हणाली. जळक्या पाइनच्या झाडापाशीही डचेस अशीच थांबली, तिथेही काही तुटलं नाही. आज एकदाही उतरावं लागलं नाही म्हणून वेल्माला बरंच वाटलं.

कड्यावरची वाट एका खेचराच्या रुंदीची होती. डावीकडे खडक, उजवीकडे काहीच नाही. खालची नदी दिसते, ऐकू येत नाही. वाट निम्मी झाली तेव्हा वरून एक दगड घरंगळला आणि डचेस मागे सरली. हिसका पाचही खेचरांतून पुढे आला. घोडी मागच्या पायांवर बसता बसता सावरली.

वेल्माने वळून पाहिलं. पाचवा फास उन्हात चकाकत होता.

तागाची सुतळी चकाकत नाही.

ओझ्यासकट एक खेचर हजार पौंडांच्या वर जातं, आणि ती पाचही तिच्या घोडीला बांधलेली होती. ती खडकाच्या बाजूने उतरली, चाकू दातांनी उघडला, दोन्ही तळव्यांत धरला. नायलॉनचे धागे एकेक करून सुटले.

आता ती आणि घोडी मोकळ्या होत्या. घोडीला घेऊन ती पुढे निघून गेली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. तिने घोडीचा लगाम खडकातल्या झुडपाला अडकवला. घोडी हलली नाही तर मोकळी खेचरंही तिला सोडून जात नाहीत. मग ती पहिल्या खेचराच्या पोटाखाली शिरली.

"हलू नकोस राजा. मी आहे, फक्त मी."

खेचरांमधला पहिला फास. दुसरा. तिसरा. शेवटचा फास बिशप या चौथ्या खेचराच्या खोगिरामागे होता. ती तिथे पोहोचली तेव्हा डचेसचा एक मागचा पाय वाटेबाहेर गेला होता आणि दोर तारेसारखा ताणला होता. बिशपचे खूर दगडावर खरवडत कडेकडे सरकत होते. डचेस वेल्माकडे बघत होती.

"थांब," वेल्मा म्हणाली. कोणाला, ते तिचं तिलाही कळलं नाही. तिने चाकू चालवला.

आधी दगड गेले. पेट्यांचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

पुढे वाट रुंद झाली तिथून वळून दुपारी ती घोडीपुढे चालत तळावर परतली. मागे चार खेचरं, मोकळी.

"डचेस कुठाय?" ड्वेनने विचारलं.

"सुतळी कोणी बदलली?"

"मी. जुनी रोज तुटते म्हणून तूच ओरडायचीस. ही मजबूत निघाली. रंगसुद्धा तोच." बोलता बोलता त्याने पुन्हा खेचरं मोजली.

वेल्माने हात खिशातून काढून त्याच्यापुढे धरले. "बोटं एवढीच मिटतात. पुढचा दोर मला धरवत नाही, गेल्या वर्षापासून. उद्या दुसरं कोणी पाठव."

ड्वेनने त्या हातांकडे पाहिलं. मग सुतळी किती वजन पेलते ते बघायला तो कोठारात दाण्याच्या गोण्या ओढून आणू लागला, प्रत्येकी पन्नास पौंडांच्या. वेल्माच्या झोळीत जुन्या सुतळीचा एक फास उरला होता. तो त्यांनी कोठाराच्या तुळईला टांगला, त्याला जाळी अडकवली आणि जाळीत गोण्या रचल्या.

जुनी सुतळी सहाव्या गोणीला तुटली.

नवीला त्यांनी अकरा गोण्या लावल्या. तळावर तेवढ्याच होत्या. सुतळी तुटली नाही.