उजव्या चाकाची चीर

मी बोलतेय ती कोरोनेल प्रिंगलेस गावातल्या एका पत्र्याच्या शेडमधून. माझं छप्पर उजव्या बाजूला आत दबलंय. पुढचं उजवं चाक नाही, त्या जागी तीन विटा रचून मला टेकवून ठेवलंय. मी दोन दारांची जुनी मोटार. गावात मला ‘काळी’ म्हणतात, ते रंगावरून.

माझा जन्म १९३८ सालचा, अमेरिकेतला. बोटीच्या तळात महिनाभर हेलकावे खात मी ब्वेनोस आयरेसला उतरले आणि तिथून आगगाडीनं या गावात आले. माझा पहिला मालक गव्हाचा दलाल होता. रविवारी तो मला चर्चला न्यायचा आणि उरलेले सहा दिवस चादरीखाली झाकून ठेवायचा. दहा वर्षं माझी अशी लाडाकोडात गेली. तो वारला तेव्हा त्याच्या बायकोनं मला एवारिस्तो सुबेल्दियाच्या हवाली केलं.

एवारिस्तो मूळचा लोहार, मग मोटारी दुरुस्त करायला लागलेला. त्यानं पहिल्याच आठवड्यात माझे मडगार्ड उतरवले, मागची बैठक काढून तिथं पिंपाएवढी पेट्रोलची टाकी बसवली, बॉनेटवर चामड्याचा पट्टा आवळला आणि दारावर पांढऱ्या रंगानं आकडा काढला. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

त्या काळी आमच्या देशात शर्यत म्हणजे मैदानात गोल फिरणं नव्हतं. एका गावातून निघायचं आणि दोन-तीन हजार किलोमीटर कच्च्या रस्त्यानं दुसऱ्या टोकाला जायचं. वाटेतली माणसं दारात खुर्च्या टाकून, रेडिओ कानाशी धरून बसायची. एवारिस्तो चौदा शर्यती धावला. पहिला एकदाही आला नाही, पण चौदाच्या चौदा पुऱ्या केल्या. कोणी चिडवलं तर म्हणायचा, “जिंकणाऱ्यांची गाडी मोडली की ते मेकॅनिकला शिव्या देतात. मीच मेकॅनिक. मी कोणाला देऊ?”

त्याला दोन मुलं. होरासिओ थोरला, नेलिदा तीन वर्षांनी धाकटी. मुलगा म्हणून गाडी होरासिओला शिकवायची, हे ठरलेलंच होतं. सतराव्या वर्षी त्यानं मला खड्ड्यात घातलं आणि माझा गिअरबॉक्स फोडला. त्या दिवसापासून रविवारच्या जेवणाला पाहुणे जमले की एवारिस्तो हमखास म्हणायचा, “याच्या हाती द्या, मोडून देतो.” पाहुणे हसायचे. होरासिओही हसायचा. पण नंतर शेडमध्ये येऊन माझ्या दाराला एक लाथ घालायचा.

नेलिदाला कुणी काही शिकवलं नाही. ती बापाच्या हातात पाना देता देता शिकली.

एवारिस्तोचं कंबरेचं हाड मोडलं आणि मी शेडमध्ये बसले ती बसलेच. माझ्या बैठकीवर कोंबड्यांनी अंडी घातली, टाकीला आतून गंज चढला. एवारिस्तो गेला. होरासिओनं टायरचं दुकान काढलं, वर्कशॉप नेलिदानं चालवलं. ती दर महिन्याला एकदा यायची, पुढून दांडा लावायची आणि इंजिन दोन वेढे फिरवायची. का ते कुणी विचारलं तर म्हणायची, “जाम होऊ नये म्हणून.” लग्न झालं, मुलगी परदेशी गेली, नवरा वारला, तरी तिनं तो नेम सोडला नाही.

मग जुन्या गाड्यांची एक रॅली दरवर्षी निघू लागली. बाईया ब्लांकाहून दक्षिणेला, पातागोनियातून रिओ गायेगोसपर्यंत, दहा दिवस, चार हजार किलोमीटर. यात वेगाला बक्षीस नव्हतं. प्रत्येक चौकीवर नेमून दिलेल्या मिनिटाला पोचायचं. उशीर झाला की गुण कापले जायचे. होरासिओ तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. तो नेलिदाकडे आला, शेडच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “एकदा करूया. बाबांच्या वयाला आलो मी.”

नेलिदानं दोन वर्षं खपून मला उभं केलं. होरासिओ चालवणार, नेलिदा शेजारी बसून वाटेची वही वाचणार, आणि मागून पिकअपमध्ये सुटे भाग, टायर नि मुक्कामी भाजायच्या मांसाची पेटी घेऊन फेर्मिन येणार, असं ठरलं.

फेर्मिन अल्तामिरानो शेजारच्या घरातला, होरासिओच्या बरोबरीचा. चौतीस वर्षं त्यानं लांब पल्ल्याची बस चालवली होती. लहानपणापासून माझ्यात बसायची त्याला फार हौस, पण एवारिस्तो शर्यतीच्या गाडीला हात लावू द्यायचा नाही. आता तो रोज सकाळी माते या कडू चहाची तुंबडी नि थर्मास घेऊन यायचा, माझ्या बॉनेटला टेकायचा आणि म्हणायचा, “काय काळे, झोप लागली का?”

अडतीस गाड्या निघाल्या. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना खडीचा रस्ता काय करतो, हे कुणी विचारावं तर मला. पहिल्या दिवशी काही होत नाही. तिसऱ्या दिवशी स्क्रू आपोआप ढिले होऊ लागतात. चौथ्या दिवशी धूळ कार्बोरेटरमध्ये शिरते आणि इंजिन दमेकऱ्यासारखं खोकतं. एका देखण्या लाल गाडीचं पोट दगडानं फाटलं आणि तिचं सगळं तेल रस्त्यात सांडलं. एकीचं दार मालकानं बेसावधपणे उघडलं, तर वाऱ्यानं ते बिजागरीसकट उपटून नेलं. सातव्या दिवशी आम्ही एकवीस उरलो होतो. त्यात मी सहावी. होरासिओ मुक्कामाला उतरला की आता ताठ चालायचा.

सातव्या दिवशी मुक्काम गोबेर्नादोर ग्रेगोरेसला होता. तिकडे उन्हाळ्यात दहा वाजेपर्यंत उजेड असतो. पेट्रोल पंपामागच्या अंगणात नेलिदानं माझी पुढची चाकं काढली. पुढचं चाक ज्या पोलादी खुंट्यावर फिरतं, तो तिनं रॉकेलनं पुसला, कोरडा केला आणि त्यावर खडूची पूड चोळली. भेग असली की आत शिरलेलं रॉकेल पुडीवर उमटतं. ही बापाची रीत.

डावा खुंटा पांढरा स्वच्छ राहिला. उजव्याच्या मुळाशी हळूहळू एक काळी रेघ उमटली. बोटाच्या पेराएवढी.

मला ती तीन दिवसांपासून ठाऊक होती.

नेलिदानं ती पुसली, पुन्हा पूड चोळली. रेघ पुन्हा आली. तिनं होरासिओला बोलावलं. फेर्मिन तेव्हा मटण आणायला गावात गेला होता.

“हे बघ.”

होरासिओ वाकला. “ओरखडा आहे.”

“ओरखड्यातून रॉकेल येत नाही.”

“मग वेल्डिंगचा जोड मारून घेऊ.”

“जोड मारला की खुंटा जोडाशेजारी तुटतो. तुलाही माहितेय. दुसरा खुंटा घरी आहे, दोन हजार किलोमीटरवर. संपलं आपलं, होरासिओ. पिकअपला बांधून नेऊ.”

त्यानं रेघेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “तीन दिवस राहिलेत, नेली. हळू नेतो. साठच्या वर जात नाही.”

“मी बसणार नाही.”

“बाबा असते तर...”

“बाबा असते तर त्यांनी तुला थोबाडीत मारली असती.”

हे तिनं बोलायला नको होतं. होरासिओचा चेहरा मी पाहिला. सतरा वर्षांचा असताना दाराला लाथ घालायला यायचा तेव्हा तो तसाच असायचा. त्यानं स्वतःच्या हातानं खुंट्याला ग्रीस फासलं, चाक चढवलं आणि नट आवळले. नेलिदा बघत राहिली. तिनं त्याचा हात धरला नाही.

सकाळी फेर्मिन आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. होरासिओनं त्याला सांगितलं होतं, “नेलीची पाठ धरलीय. आज ती पिकअप चालवेल. तू बस माझ्याशेजारी.” फेर्मिननं माझं दार दोन्ही हातांनी उघडलं, बैठकीवरून रुमाल फिरवला आणि बसला. वाटेची वही मांडीवर घेऊन चष्मा लावला.

“एल्विराला फोन केला मी,” तो म्हणाला. एल्विरा म्हणजे त्याची बायको. “म्हटलं, आज मी बसतोय. तर ती म्हणते, कुठे बसतोयस, पडून राहा.”

होरासिओ हसला. नेलिदा माझ्या खिडकीशी आली.

“फेर्मिन.”

“काय गं?”

ती थांबली. होरासिओनं समोर काचेकडे पाहिलं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

“पट्टा नीट आवळ,” नेलिदा म्हणाली आणि पिकअपकडे गेली.

पहिले चाळीस किलोमीटर होरासिओनं शब्द पाळला. मी साठच्या खालीच होते. वारा उजवीकडून येत होता आणि प्रत्येक झोताबरोबर ते चाक मुळाशी हिसका खात होतं. चौकीवर आम्ही चार मिनिटं उशिरा पोचलो.

“चार मिनिटं म्हणजे काय,” फेर्मिन वहीत बघत म्हणाला. “बसवर मी एवढ्यात दोन थांबे भरून काढायचो. तू तर म्हाताऱ्या मावशीसारखा चालवतोयस.”

होरासिओनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. बोलायला तोंडही उघडलं. मग पाय दाबला.

सत्तर, पंचाहत्तर. त्रेस लागोसच्या अलीकडे एक लांब उतार आहे. तिथं खुंटा तुटला. आवाज मोठा झाला नाही, वाळकी फांदी मोडावी एवढाच. माझं चाक सुटलं आणि आमच्या पुढे धावत झुडपांत शिरलं. फेर्मिननं ते पाहिलं. “हे कोणाचं?” एवढंच तो म्हणाला. मग माझं नाक खडीत रुतलं आणि मी उजव्या अंगावर उलटले. दोनदा.

छप्पर त्याच्या बाजूला दबलं. पट्टा घट्ट होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

नेलिदा पिकअप घेऊन दहा मिनिटांत पोचली. होरासिओ रस्त्याकडेला बसून फेर्मिनला हाका मारत होता. त्याचा हात मोडला होता, पण त्याला ते कळलं नव्हतं. नेलिदा माझ्या फुटलेल्या खिडकीतून आत शिरली, फेर्मिनच्या मानेला हात लावला आणि तशीच राहिली. वाटेच्या वहीची पानं वाऱ्यानं एकेक करून उडून गेली.

पोलीस आले. होरासिओ म्हणाला, “दगड आला चाकाखाली.” पोलिसानं नेलिदाकडे पाहिलं. तिनं होकाराची मान हलवली. कागदावर दगड लिहिला गेला.

मला ट्रेलरवर टाकून घरी आणलं. फेर्मिनला पुरून तीन आठवडे झाले असतील, एल्विरा शेडमध्ये आली. त्याचा चष्मा कुठे दिसतो का, ते बघायला. तिनं बैठकीखाली हात घातला, थर्मासचं झाकण सापडलं, ते पर्समध्ये ठेवलं. चष्मा नव्हता.

नेलिदा दारात उभी होती. ती वर्कशॉपमध्ये गेली आणि फडक्यात गुंडाळलेला तुटका खुंटा आणून एल्विराच्या हातात दिला.

“हे काय?”

“हे तुटलं. दगड नव्हता. हा काळा भाग दिसतो ना, ती जुनी चीर आहे. हा चकचकीत, तो त्या सकाळी तुटला. चीर मी आदल्या संध्याकाळी पाहिली होती.”

एल्विरानं तो तुकडा दिव्याखाली धरला. मांसाचा तुकडा पारखावा तसा फिरवून पाहिला.

“होरासिओला माहीत होतं?”

“हो.”

“आणि फेर्मिनला?”

“नाही. मी खिडकीशी गेले होते सांगायला.”

“मग?”

“नाही सांगितलं.”

एल्विरा माझ्या बॉनेटला टेकली, अगदी नवऱ्यासारखी. मग म्हणाली, “सांगितलं असतंस तरी तो बसलाच असता. मूर्ख होता. पन्नास वर्षं वाट बघितली होती त्यानं.” तिनं तुकडा परत फडक्यात गुंडाळला. “पण मग तो त्याच्या मर्जीनं बसला असता. तेवढं तरी त्याचं असतं. तेही तुम्ही बहीणभावांनी ठेवलं नाही.”

नेलिदानं फडकं परत घ्यायला हात पुढे केला.

“हे मी नेते,” एल्विरा म्हणाली. “आणि तू उद्या माझ्याबरोबर येतेस. जे मला सांगितलंस ते कोर्टात सांगायचं.”

नेलिदा तिच्याबरोबर गेली. दोन दिवस बसनं प्रवास करून रिओ गायेगोसच्या कोर्टात तिनं आपल्या भावाविरुद्ध आणि स्वतःविरुद्ध जबानी दिली. खटला तीन वर्षं चालला. होरासिओ तुरुंगात गेला नाही, वयाकडे पाहून शिक्षा स्थगित झाली. गाडी चालवायची मात्र कायमची बंदी आली. नेलिदावर आरोप ठेवला नाही. त्याचं तिला बरं वाटलं असं मला कधी दिसलं नाही.

बहीणभाऊ आता बोलत नाहीत. होरासिओनं दुकान विकलं. एकदा तो इथं आला होता, छपरासाठी कुठूनसा पत्रा मिळवून. “हिला तरी उभी करूया,” म्हणाला. नेलिदा कामावरून उठली नाही. पत्रा भिंतीला लावून तो निघून गेला. तो अजून तिथंच आहे. ती आता दर महिन्याला दांडा फिरवत नाही. माझं इंजिन जाम झालंय.

राजधानीतून हौशी लोक येतात, माझ्याभोवती फिरतात, छपरावर हात ठेवून म्हणतात, हे काय, चार महिन्यांत नवी होईल. नेलिदा त्यांना सगळं सांगते, पहिल्यापासून. काही ऐकून परत जातात. काही ऐकूनही भाव विचारतात. त्यांना ती दार दाखवते.

माझं एवढंच मागणं आहे, मला उभं करू नका. मी अशीच बरी.

आणि तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल, तिला लांबच्या वाटेला न्यायचं असेल, तर न्या. आम्हाला धावायला आवडतं, हे मी नाकारत नाही. पण आमच्या अंगात काय मोडलंय ते आम्हाला बोलून दाखवता येत नाही. त्या सकाळी ग्रेगोरेसच्या अंगणात बोलता येणारी दोन माणसं उभी होती. तुम्ही तिथं असाल, तर शेजारी बसणाऱ्याला सांगा. मग तो बसला तर बसू दे.