झटके देणारा ओव्हन आणि सफरचंदाचा कुस्करा

बोलतंय कोण म्हणून फ्रिजकडे बघू नका. त्याला घुरघुरण्यापलीकडे काही येत नाही. बोलणारा मी, खिडकीखालच्या स्टुलावरचा गोल ओव्हन. अंग ॲल्युमिनियमचं, झाकणाला मधोमध काच, मागे शेपटीसारखी वायर. माझे भाऊबंद एकेकाळी घरोघर होते, आता बहुतेकांची पातेली झाली असतील. मी मात्र नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, शाबूत आहे. मला आज आभार मानायचे आहेत. पण आधी थोडी टवाळी. जित्याची खोड.

माझं शिक्षण अर्धवट. वर्षातले दहा महिने मला वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे, तेवढीच माझी शाळा. पण गुंडाळलेल्या कागदाचं असं असतं, की बातमीचं एक टोक डोळ्यांपुढे आणि दुसरं पाठीमागे. म्हणून मला गावातल्या सगळ्या चोऱ्या माहीत आहेत, पकडलेला चोर एकही माहीत नाही.

जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. ठोकून, घासून, आत कॉइल बसवून मला बोहरी आळीतल्या दुकानात मांडलं. तिथून गोपाळकृष्ण मला घेऊन आले, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ते पुढे स्कूटर चालवताहेत, मागे नीरजाबाई आणि त्यांच्या मांडीवर मी. लक्ष्मी रोडच्या सिग्नलला एका आजीबाईंनी बाळ समजून माझी दृष्ट काढल्यासारखा हात केला. मीही गप्प राहिलो. बाळंही सुरुवातीला गप्पच असतात.

घरात आल्याआल्या मी पहिला प्रताप दाखवला. झटका! जोरात नाही हो, मुंगी चावल्यासारखा. अनवाणी पायांनी कुणी झाकणाला हात लावला, की चुर्रर्र. मग घरात नियम झाला. ओव्हन लावायचा तर रबरी चप्पल घालायची. देवाला अनवाणी आणि मला चप्पल घालून, असा माझा मान. निळ्या पट्ट्यांची ती जोडी माझ्या शेजारी खिळ्याला टांगलेली असे. ‘ओव्हनची चप्पल’ म्हणत तिला. ती बाथरूममध्ये कुणी घातली तर नीरजाबाई घर डोक्यावर घेत.

पाहुण्यांना नियम ठाऊक नसायचा. “केक झाला का बघू,” म्हणत एक मामंजी वाकले, आणि सरळ झाले ते थेट दिवाणखान्यात. किती हसलो म्हणून सांगू! झाकण बंद होतं, म्हणून कळलं नाही कुणाला.

माणसांची एक गंमत सांगतो. काचेतून दर दोन मिनिटांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बघितल्याने केक फुगतो असं वाटतं की काय, कोण जाणे. मला या घराची सगळी नाकं पाठ आहेत. गोपाळकृष्णांचं नाक सगळ्यात आधी यायचं, कारण गोडाचा सोस त्यांना. नानखटाई गार व्हायच्या आत उचलायचे आणि तोंड भाजलं की मला शिव्या.

दुसरी त्यांची खोड म्हणजे कुस्करणं. पोळी दिसली की कुस्कर. दुधात, आमटीत, नुसत्या तुपात. पाची बोटांनी चुरा करत बसायचे, आणि नीरजाबाई चाळीस वर्षं ऐकवत आल्या, “अहो, तासभर खपून गोल लाटते मी. कावळ्याला घालायचा असल्यासारखा चुरा काय करता?” ते म्हणायचे, “पोटात गेल्यावर गोल राहते का?” हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय, की दोघं गावाला गेले तर मी एकट्याने म्हणून दाखवीन.

मग मायक्रोवेव्ह आला. काळा, चौकोनी, कामात राम नाही, नुसती टुंईटुंई. मी ओट्याखाली, कोपऱ्यात, जुन्या कागदात. दहा-बारा वर्षं गेली. तक्रार नाही. झुरळांशी ओळख झाली.

यंदा मार्चमध्ये गोपाळकृष्णांचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला, आकडा वाढलेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं आणि मिठाई बंद. नीरजाबाईंनी दोन चहा वेगळे सुरू केले, त्यांचा अगोड आणि आपला नेहमीचा. “मजा आहे एका माणसाची,” ते कप बघून म्हणायचे. नीरजाबाई आपला कप घेऊन ओट्याकडे वळायच्या.

आता माझा गुन्हा कबूल करतो. एका दुपारी नीरजाबाई जरा आडव्या झाल्या होत्या, तेव्हा माझा कागद सुटला, झाकण उघडलं आणि आंबाबर्फीचा पुडा आत आला. ठेवणारे कोण, हे नाकावरून ओळखलं. रोज दुपारी एक वडी. तीन आठवडे मी तोंड मिटून होतो. हे चुकलं माझं. त्या दिवसांत वायर जोडलेली असती, तर खरंच एक झटका दिला असता.

पकडलं मुंग्यांनी. त्यांची रांग ओट्याखाली शिरलेली नीरजाबाईंना दिसली. कागद काढला, झाकण उचललं, पुडा समोर. स्पृहा, म्हणजे त्यांची नात, कॉलेजसाठी इथे राहते, तीही धावत आली.

“अहो, जरा इकडे या,” नीरजाबाईंचा आवाज अगदी मऊ. पुण्यात आवाज मऊ झाला की घाबरावं. “आपण पस्तीस वर्षं पोस्टात होता ना?”

“होतो. का?”

“मग पार्सल दडवून कसं ठेवलंत? पोचवायचं असतं ते.”

स्पृहा फिसकन हसली. तिथेच घोटाळा झाला. नातीसमोर चोर ठरले, ते गोपाळकृष्णांना फार लागलं. “माझ्या घरात माझ्यावर पहारा!” म्हणाले, आणि त्या रविवारपासून आपलं ताट घेऊन गॅलरीत जेवायला लागले. तिघांनी टेबलाशी बसायचं, ही त्या घरातली रविवारची रीत मोडली. नीरजाबाई तरी तीन ताटं घ्यायच्या. तिसरं उचलून कुंड्यांमध्ये नेलं जायचं. चार रविवार असे गेले. नीरजाबाई भांडी विनाकारण आपटायच्या.

“हा ओव्हनच भंगारात देते,” त्या म्हणाल्या. “चोराचा साथीदार.” मी गार झालो. तसा गारच होतो.

वाचवलं स्पृहाने. “आजी, थांब ना. आपण यात क्रंबल करू. खाली फळं, वर ओट्सचा चुरा, साखर झीरो. डॉक्टर म्हणालेत ना, वाटीभर फळ चालेल?”

“आणि ते येतील जेवायला?”

“ट्राय तर करू.”

माझी वायर उंदरांनी चाखलेली. म्हणून गेनबा इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मला उलटा केला, कॉइल बदलली, वायर बदलली, तीन पायांचा प्लग लावला. “काकू, आता बिनधास्त हात लावा. शॉक बसणार नाही.” माझे दातच काढले हो त्याने! मामंजींची आठवण येऊन मला गलबलून आलं.

रविवारी सकाळी सफरचंदं आली. सालासकट फोडी केल्या, चार अंजिरं चिरून टाकली, लिंबू पिळलं, दालचिनी आणि जायफळ. वास असा, की मायक्रोवेव्हसुद्धा गप्प. वरच्या थरासाठी परातीत ओट्स, ज्वारीचं पीठ, जाडसर कुटलेले बदाम, चिमूट मीठ आणि मोजून तूप. स्पृहाने बजावलं, “आजी, नुसतं चोळायचं. मळायचं नाही.” आणि तिला फोन आला म्हणून ती बाहेर गेली.

आता तुम्हीच सांगा. चाळीस वर्षं रोज कणीक भिजवलेला हात. परातीत पीठ सुटं पडलंय आणि तो स्वस्थ बसेल? शेजारी पाण्याचं भांडं. एक हबका, दोन हबके. स्पृहा परत आली तेव्हा परातीत गुळगुळीत गोळा, वर ओलं फडकं झाकलेलं.

“आजी! हे काय केलंस?”

“बाई, हात थांबेना.”

गोळा थापून फळांवर घातला. मी जमेल तेवढी आच दिली, पण मी ओव्हन आहे, जादूगार नाही. बाहेर आली ती फरशी. स्पृहाने सुरी मारली तर सुरी वाजली.

गॅलरीतून आवाज आला, “काही सुतारकाम चाललंय का?”

एरवी नीरजाबाईंनी तिथल्या तिथे परतफेड केली असती. त्या दिवशी नाही केली. हातातला आपल्या चहाचा कप ओट्यावर ठेवला, पदराने डोळे पुसले आणि आत खोलीत निघून गेल्या. फ्रिजसुद्धा घुरघुरायचा थांबला.

गोपाळकृष्ण डोकावले. आपण जास्त बोललो हे त्यांच्या नाकावर दिसत होतं. ओट्यावरचा चहा दिसला. गोड चहा! इकडे तिकडे बघितलं आणि पटकन एक घोट घेतला. चोर तो चोरच.

तोंड वाकडं झालं. पुन्हा घोट घेतला.

“स्पृहा, यात साखर नाही.”

“आजोबा, आजी मार्चपासून साखर नाही घेत. तुम्हाला सांगायचं नाही म्हणालेली. माझ्यासाठी उपास कशाला म्हणून तुम्ही रागाने दोन वड्या जास्त खाल, असं वाटलं तिला.”

त्यांनी कप विसळून ठेवला. चाळीस वर्षांत मी त्यांना कप विसळताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, “ते मळायचं नसतं, तर काय करायचं असतं?”

“बोटांनी चोळून चुरा करायचा. मोठामोठा.”

“कुस्करायचं?”

“हो.”

“एवढंच? पीठ आण.”

काय सांगू तुम्हाला! पाची बोटं परातीत उतरली आणि पीठ जसं सुटलं, तसं मी कुठल्या बल्लवाच्या हातात पाहिलं नाही. तूप कणाकणाला लागलं, वाटाण्याएवढे खडे झाले. चाळीस वर्षं ज्या खोडीसाठी बोलणी खाल्ली, ती खोड कामाला आली. उरलेली सफरचंदं चिरली, वर चुरा पसरला, माझ्यात ठेवला. मीही म्हातारपण विसरून तापलो. मोजून पस्तीस मिनिटं, घड्याळ स्पृहाचं. कडेने फळांचा रस बुडबुडायला लागला, वरून चुरा बदामी झाला.

वासाने नीरजाबाई बाहेर आल्या. काचेवर दोन नाकं होती. त्यांनी तिसरं लावलं.

“कुणी केलं हे?”

“कावळ्याला घालायचा होता,” गोपाळकृष्ण म्हणाले. “म्हटलं, आधी तू चाख.”

नीरजाबाईंनी चमचा घेतला. वाटाण्याएवढा खडा दातांखाली कुरकुरला. “जायफळ जास्त झालंय,” म्हणाल्या. पुण्यात यापेक्षा मोठं कौतुक नसतं. मग त्यांनी तीन वाट्या घेतल्या, छोट्या, मापाच्या. गोपाळकृष्णांनी आपली वाटी उचलली. ते गॅलरीकडे बघितल्यासारखं करून टेबलाशी येऊन बसले.

“आणि उद्यापासून,” ते म्हणाले, “दोन चहा वेगळे करायची गरज नाही. एकाच पातेल्यात टाक.”

तेव्हापासून दर रविवारी मी तापतो. कधी पेरू, कधी नासपती. साखरेचा पुढचा रिपोर्ट यायचाय, त्याबद्दल फुशारकी मारणार नाही, ते गोळ्यांचं आणि चालण्याचं काम. माझं काम तीन नाकं एका काचेवर आणायचं.

म्हणून आभार. गेनबाचे, दात काढले तरी. मुंग्यांचे, चहाडी केली म्हणून. आणि या तिघांचे, भंगारात न दिल्याबद्दल. तुमच्या घरीही ओट्याखाली माझा कुणी भाऊ कागदात गुंडाळलेला असेल, तर त्याला बाहेर काढा. वायर तेवढी आधी बदलून घ्या, आमच्या खानदानाचा भरवसा नाही.

निळी चप्पल अजून खिळ्यालाच आहे. आता गरज नाही. पण गोपाळकृष्ण कुस्करायला उभे राहिले की ती घालतातच. नीरजाबाई म्हणतात, “अहो, आता नाही बसत झटका.” ते म्हणतात, “त्याला वाईट वाटेल.”