कमोडचा प्लंजर वेगळा असतो

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभं राहून ताईला अकरा वर्षं झाली होती. कुठला वॉशर कुठल्या नळाला, कुठला प्लंजर कशाला, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. घरात मात्र तिचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वर्षभरापूर्वी तिचा मोठा भाऊ, दादा, ऑफिसातून निवृत्त होऊन आई आणि ताईकडे राहायला आला, तेव्हापासून शेवटचा शब्द त्याचा.

त्या दिवशी ताई कामाला निघता निघता कमोड तुंबला. घरात तो एकच.

"मी थांबू का?" तिनं विचारलं.

"एवढ्याशा कामाला? मी आहे ना."

"मग तो कोपऱ्यातला काळा प्लंजर घे. वाटीच्या आतून रबराचा गळा बाहेर आलाय बघ, तो भोकात नीट बसतो. सपाट वाटीचा सिंकचा आहे, तो कमोडला चालत नाही."

"रबर ते रबर," दादा पेपरातून मान वर न करता म्हणाला.

दुकानात तिचं लक्ष लागेना. जेवणाच्या सुट्टीत ती तडक घरी आली. आई खुर्चीत बसली होती. खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झालेले, जिना उतरायला अजून बंदी, त्यामुळे शेजाऱ्यांकडेही जाता येत नव्हतं. ओठ कोरडे पडलेले, आणि सकाळी भरून ठेवलेला तांब्या तसाच काठोकाठ.

"आई, पाणी का नाही प्यायलीस?"

"प्यायले की जावं लागेल ना गं."

"सकाळपासून?"

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती बाथरूमकडे वळली.

दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. हातात सिंकचाच प्लंजर, जमिनीवर सगळीकडे घाण पाणी. दुसऱ्या हातातल्या अ‍ॅसिडच्या बाटलीचं झाकण तो दातानं उघडायच्या बेतात होता. ताईनं बाटली हिसकावून घेतली.

"हे ओतून वरून प्लंजर मारलास तर डोळ्यांत उडेल. मग तुला दवाखान्यात कोण नेणार? आई नेणार?"

"तू मला शिकवू नकोस."

"अकरा वर्षं लोकांना शिकवतेय. लोक पैसे देऊन ऐकतात. आणि ती तिथे पाण्याविना बसलीय, कारण तुला बहिणीचं ऐकायचं नाही. तीन तासांत एकदा तरी तिला विचारलंस?"

"ती काही बोलली नाही."

"तुझ्यापुढे कोण बोलतं या घरात? सरक बाजूला."

तो सरकला. ताईनं काळा प्लंजर घेतला, वाटीत हवा राहू नये म्हणून तिरका करून पाण्यात उतरवला, आणि गळा भोकात बसवला. पहिला दाब हळू दिला. मग खाली जितका जोर, तितकाच वर ओढताना. रागच हातात उतरला होता, त्यामुळे दमायचं नाव नव्हतं. बाराव्या की तेराव्या झटक्याला आतून डचकन आवाज आला आणि पाणी भोवरा घेत खाली गेलं.

"माझ्या हलवण्यानं आधीच सैल झालं होतं," दादा म्हणाला.

ताईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग दाराआडचं फडकं आणि बादली त्याच्यापुढे ठेवली.

"पूस."

"आता? मी अजून जेवलो नाही."

"तीही जेवली नाही. पूस. आईचा पाय इथे घसरला तर मी तुला घरात ठेवणार नाही."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. दादानं इकडेतिकडे बघितलं, आणि शेवटी वाकला. कोपरे राहिले तेव्हा तिनं बोटानं दाखवले. तेही त्यानं पुसले.

जमीन कोरडी झाल्यावर तिनं आईला धरून आत नेलं. बाहेर आल्यावर आई तांब्यातलं पाणी घटाघट प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली.

"फार बोललीस त्याला," ती पुटपुटली.

"कमीच बोलले. तू पण ऐक. असं पुन्हा केलंस तर तुझ्याशीही भांडेन. मला फोन करायचा, दुकानात कितीही गर्दी असो."

आईनं मान डोलावली.

ताईला परत जायला वीस मिनिटं उशीर झाला. दुपारभर तिचे दात आवळलेलेच होते. संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं, दोन्ही प्लंजर हातात घेऊन म्हणालं, "कुठलाही द्या, सारखेच असतात."

"सारखे नसतात," ताई इतक्या जोरात म्हणाली, की त्या माणसानं दोन्ही खाली ठेवले. "तुंबलंय काय, ते आधी सांगा."