स्नानघरामागचा शोकवृक्ष

सुईसारख्या पानांचा स्प्रूस वृक्ष सरळ वाढतो, हे आमच्या सावो प्रांतात कुणाला शिकवावे लागत नाही. तरीही अरण्यात क्वचित एखादा असा उपजतो की ज्याच्या फांद्या भूमीकडेच वळतात आणि ज्याचा शेंडाही मान टाकून खाली पाहतो. लोक त्याला शोकवृक्ष म्हणतात. त्याला उभे राहायचे तर दुसऱ्या कुणाचा तरी आधार लागतो. खांबाला बांधत गेले तर तो उंची धरतो. मोकळा सोडला तर जमिनीवर पसरतो.

तावेत्ती राइनिओला असा एक वृक्ष सरोवरापलीकडच्या रानात सापडला होता. त्याने त्याच्या काड्या आणून कलमे बांधली. त्यांतले एकच जगले. पुढे त्या रानाची तोड झाली आणि मूळ वृक्षही ओंडक्यांच्या राशीत गेला. तेव्हापासून तावेत्तीच्या अंगणातला हाच काय तो त्या कुळाचा उरला होता. त्याने तो फाटकाशी लावला, कारण तिथे ओलावा टिकतो आणि धान्यकोठाराची सावली पडते. मार्चमध्ये जमीन गोठलेली असताना ऊन तापू लागते. मुळांना पाणी मिळत नाही आणि सुया करपतात. म्हणून दरवर्षी तो वृक्षाच्या दक्षिणेला गोणपाटाचा आडोसा उभारी, वसंतात खांबाची गाठ सैल करून वर सरकवी, आणि शेंड्याला हळूच हात लावून पाही, जसा वैद्य नाडी पाहतो.

त्याची बहीण इम्पी हे सारे खिडकीतून पाहत असे. दोघांनीही संसार केला नव्हता. भावाने कलम बांधावे आणि बहिणीने दोऱ्याचे टोक धरावे, एवढा तिचा त्या विद्येशी संबंध.

त्या हिवाळ्यात तावेत्तीच्या छातीने दगा दिला. कलमांना खुंट म्हणून साध्या स्प्रूसची रोपे त्याने शरदातच कुंड्यांत भरून ठेवली होती. चुलीच्या उबेने ती जागी व्हावीत, म्हणून जानेवारीत त्याने ती खिडकीत आणवली. वृक्ष आता काड्या देण्याइतका मोठा झाला होता.

"इम्पी, खुंटरोपं जागी झाली का?" तो अंथरुणातून विचारी.

"झाली. तुझ्यापेक्षा ताजीतवानी दिसतायत."

"मग मी उठलो की काड्या काढू."

"आणि नाही उठलास तर?"

"तर तू काढ. दोरा दरवेळी तूच धरतेस ना?"

"दोरा धरणं वेगळं, सुरी धरणं वेगळं."

"सुरीला धार असते, एवढंच वेगळं," तो म्हणाला आणि खोकत राहिला. खोकला ओसरल्यावर त्याने पुन्हा सांगितले, "एकाच झाडावर भरवसा नको. एक तरी कलम होऊ दे."

तिने मान डोलावली. मार्चच्या आरंभी तो गेला.

आमच्याकडे जुनी रीत आहे. शव घरातून निघण्याआधी वाटेवरच्या एका झाडाच्या खालच्या फांद्या उतरवतात आणि वर शेंड्याचा झुपका तेवढा ठेवतात. मृताची ती खूण. ती खूण ओलांडून त्याने घराकडे परतू नये, अशी त्यामागची श्रद्धा. उतरवलेल्या फांद्या दारापासून फाटकापर्यंत बर्फावर अंथरतात. हे काम शेजाऱ्याचे. शेजारी आपेली तुरुनेन पहाटेच कुऱ्हाड घेऊन आला. घरात इम्पी भावाच्या अंगावरचे वस्त्र नीट करीत होती.

स्तोत्र संपले. शवपेटी बाहेर निघाली आणि तिच्यामागून इम्पी. पहिल्याच पावलाला तिला काही वेगळे जाणवले. स्प्रूसच्या फांद्या पायाखाली चपट्या बसतात, कुरकुरतात. या दोरखंडासारख्या लोळत होत्या. तिने खाली पाहिले, मग फाटकाकडे. शोकवृक्षाचा बुंधा नागडा उभा होता. आडोशाचे गोणपाट आपेलीने व्यवस्थित घडी घालून कुंपणावर ठेवले होते.

ती तशीच पुढे चालली. घोड्याच्या घसरगाडीत बसली, चर्चला गेली, भावाला मातीत ठेवून आली. लोकांना कॉफी आणि गोड पाव दिला. पाहुणे पांगल्यावर आपेली मागे राहिला.

"आपेली, तुझ्या डोक्यात काय होतं रे?"

"तावेत्ती होता, दुसरं काय? फाटकाशी शोकाचं झाड लावलं होतं त्यानं. मला वाटलं, स्वतःची सोय करून ठेवलीय."

"लावलं तेव्हा तो धडधाकट होता."

"माझा बाप धडधाकट असतानाच शवपेटीच्या फळ्या माळ्यावर वाळत घालून होता. आपल्याकडे माणसं मरणाला उशीर करतात, तयारीला नाही."

"तिथे ओल आहे म्हणून लावलं त्याने. सावली आहे म्हणून."

आपेलीने कप बशीत ठेवला.

"मग मी त्याचं झाडच मारलं म्हणायचं," तो म्हणाला.

"ते उन्हाळ्यात कळेल. आता ऊठ आणि गोणपाट परत बांध. माझा हात तिथवर पुरत नाही."

तो आडोसा बांधत असताना इम्पी वाटेवर वाकून फांद्या चाळू लागली. मधल्या साऱ्या घोड्याच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चिरडल्या होत्या. कडेच्या काही, बर्फात अर्ध्या बुडालेल्या, शाबूत होत्या. त्यांच्या टोकांवरचे कोंब अजून घट्ट मिटलेले होते. तावेत्ती याच दिवसांत काड्या काढीत असे, ते तिला ठाऊक होते. तिने त्या वेचल्या, भावाची सुरी काढली आणि खिडकीशी बसली. खुंटरोपाच्या अंगाला तिरका काप, काडीला तसाच काप, हिरव्याला हिरवे टेकवायचे. दोऱ्याचे टोक धरायला आता कुणी नव्हते, म्हणून तिने ते दातांत धरले. वर मेण चोपडले आणि प्रत्येक कुंडीवर काचेची बरणी पालथी घातली.

कर्म आपल्या हाती आणि फळ नियतीच्या, हे वचन इम्पीने कधी ऐकलेले नव्हते. तरी त्या वसंतात ती तसेच वागली. बरण्या उचलून वारा देई, पुन्हा झाकी. एकेक काडी तांबूस होऊन सुया गाळू लागली, की तिची बरणी धुऊन फडताळात जाई.

जूनअखेरच्या उन्हाळी सणापर्यंत फाटकाजवळच्या वृक्षाचा झुपका तपकिरी झाला होता. खिडकीत एकच बरणी उरली. तिच्यातल्या कोंबाने आपली तपकिरी टोपी टाकली, आतून कोवळ्या हिरव्या सुया आल्या, आणि त्या आल्या तशाच खाली झुकल्या.

पुढच्या वर्षी रोप बाहेर लावायची वेळ आली. आपेली जुनिपरचा खांब घेऊन आला. ते लाकूड मातीत लवकर कुजत नाही. तो सवयीने फाटकाकडे वळला.

"तिकडे नाही," इम्पी म्हणाली. "स्नानघरामागे."

"तिथे? तिथे तर कुणाची नजरही जात नाही."

"कुणाची शवपेटीही जात नाही."

आपेलीने खांब खांद्यावरून उतरवला, टोपी मागे सारली आणि तिच्यामागून गेला. स्नानघरामागे ओल होती, उत्तरेची सावलीही होती. त्याने खड्डा खणला, तिने रोप धरले. माती दाबून झाल्यावर त्याने विचारले, "आणि तुझ्या वेळी कोणतं झाड उतरवू?"

"वाटेवर पाइन आहेत. त्यांतला कोणताही घे. आधी विचारून घे मात्र."

"कुणाला विचारू? तू तर पेटीत असशील."

"म्हणून आत्ताच सांगून ठेवतेय. दोरा धर."

त्याने दोऱ्याचे टोक धरले. इम्पीने झुकलेला शेंडा दोन बोटांनी उचलला, खांबाशी आणला आणि सैल गाठ मारली.