लाईट गेल्यावरची चाल

आमच्या बँडचं नाव 'वादळ' आणि त्यातला सगळा गडगडाट सावळाचा. साखरशेतचा सावळा ठाण्याला कंपनीत दोन वर्षं राबून शहाण्णव साली परत आला, तो इलेक्ट्रिक गिटार आणि मानेवर रुळणारे केस घेऊन. केस आईने आठवड्यात कापायला लावले. गिटार राहिली. तार तुटली की जव्हारात मिळायची नाही, नाशिक गाठावं लागे. म्हणून हा उरलेल्या पाच तारांवरच वाजवायचा आणि वर सांगायचा, "स्टाईल आहे माझी." मी ड्रमवर होतो, तुषार गायचा. सावळा डोळे मिटून असं तोंड करायचा, की त्याची बायको सुनिता विचारायची, "दाढ दुखते का रं?"

नव्व्याण्णवच्या वैशाखात जामसरला लग्न होतं. भरदुपारी सावळाने स्वतः रचलेली चाल पहिल्यांदा वाजवायला घेतली आणि लाईट गेली. तुषार थांबला, मी थांबलो. सावळाला पत्ताच नाही. मुक्या गिटारवर त्याची बोटं धावत होती. मांडव हसायला लागला.

शेजारी म्हातारा लक्ष्या बसला होता. गावची लग्नं त्याच्या भोपळ्याच्या तारप्याशिवाय होत नसत, पण आम्हाला बोलावल्यामुळे त्या दिवशी त्याला कुणी वाजव म्हटलं नव्हतं. त्याने तारांजवळ कान नेला, ती किणकिण ऐकली आणि तारपा फुंकला. चाल बरोबर उचलली. सावळाने डोळे उघडले, तेव्हा अख्खं लग्न फेर धरून नाचत होतं, नवरीसकट.

तासाने लाईट आली. आम्ही उठलो, तर नवरीचा मामा म्हणाला, "राहू द्या. तुम्ही जेवून घ्या."

सावळाने चार दिवस गिटारला हात लावला नाही. पुढे मला शाळेत नोकरी लागली, तुषार कारकून झाला, बँड मोडला. सावळा नाचणी लावायचा आणि लोकांचे पंप दुरुस्त करायचा.

दोन हजार सहाला पोशेऱ्याच्या एका लग्नात आम्ही जेवत होतो. कुणी अनोळखी तरणा तारपेवाला तीच चाल वाजवत होता. सावळा ताट घेऊनच त्याच्यापुढे गेला.

"ही चाल कुठली?"

"जुनी हाय, काका. आमच्या आज्याच्या वेळची."

"आज्याच्या? अरे, मी केलीय ही!"

पोराने त्याच्या टकलाकडे बघितलं आणि अदबीने म्हणाला, "असंल. मंग जुनीच की."

सुनिता पदर तोंडात कोंबून हसली. मला वाटलं, सावळा आता भांडणार. पण तो म्हणाला, "मधली ओळ चुकतोस," आणि गुणगुणून दाखवली. पोराने ती नीट धरली, पुन्हा सुरुवातीपासून वाजवली. फेर फिरायला लागला.

सावळाने ताट माझ्या हातात दिलं आणि तो फेरात शिरला. सुनिताही चपला काढून त्याच्या मागोमाग गेली.