अकरा वाजून दहा मिनिटांची नोंद

दोंडाईचाबाहेरच्या दगडखाणीच्या तोंडाशी मॅनेजर भिकनभाऊंनी हेल्मेटं वाटली, ती फक्त मुलांना. जळगावच्या कॉलेजातून भूगर्भशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचे अठरा जण आले होते. त्यांतल्या चार मुली बसला टेकून उभ्या राहिल्या.

"पोरींनी ऑफिसात बसा. चहा सांगितलाय," भिकनभाऊ म्हणाले. "खाली बायामाणसांची जबाबदारी आपण घेत नाही."

योगराज सरांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे. मुलींनो, थरांची मापं मुलांकडून उतरवून घ्या. मी सह्या करीन."

चौघींपैकी एक, जळगावातल्या मेहरूण भागात राहणारी नाजमीन. तिच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. तीन वर्षं ती लाव्हाचे थर पुस्तकातल्या चित्रांत मोजत आली होती. मोजपट्टी खऱ्या भिंतीला लावायचा हा एकच दिवस होता.

तेवढ्यात खालून खाणीत काम करणाऱ्या सुनंदाबाई डोक्यावर दगडांचं घमेलं घेऊन चढून आल्या. मागे आणखी दोघी.

"भाऊ, मग या कोण?" नाजमीनने विचारलं.

"त्या मजूर. त्यांना सवय आहे."

"मलाही लागेल."

सुनंदाबाईंनी घमेलं रिकामं केलं. "उतरू द्या ना भाऊ तिले. खाले काय वाघ शे?"

मुली हसल्या. भिकनभाऊ हसले नाहीत.

नाजमीनने फील्डबुक उघडलं आणि पेनने लिहिलं : 'सकाळी ११.१०. मुलींना खाणीत उतरू दिलं नाही. मजूर बाया खाली काम करत होत्या. मापं घेता आली नाहीत.' वही तिने सरांपुढे धरली.

"सही, सर."

फील्डबुकावर सरांची सही जागेवरच लागते आणि परीक्षेला ते बाहेरच्या परीक्षकाच्या हातात जातं. सरांनी वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"हे खोड."

"फील्डबुकात खोडायचं नाही, सर. चुकलं तर एकच रेघ, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी पान फाडलं, तेव्हा तुम्हीच शून्य दिलं होतंत."

"मग रेघ मार."

"पण यात चुकलंय काय?"

मागे चौघींतल्या चेलनाने आपली वही उघडली होती. "नाजो, वेळ किती लिहिलीस गं?"

"अकरा दहा."

तिच्या शेजारची जीनतही लिहू लागली. सरांनी तिघींच्या वह्यांकडे पाहिलं आणि ते तरातरा भिकनभाऊंकडे गेले. बोलणं दबक्या आवाजात चाललं. 'परीक्षक' हा शब्द तेवढा ऐकू आला. थोड्या वेळाने ऑफिसातल्या खुंट्यांवरून चार हेल्मेटं निघाली. होतीच तिथे.

नाजमीनने हनुवटीखाली पट्टा कसला. सर जवळ आले, आवाज मऊ करून. "आता उतरतेयस ना? मग मार ती रेघ. विषय संपला."

"उतरल्याचं पुढच्या ओळीत लिहीन, सर. अकरा दहाला झालं ते झालंच."

तिने पेन पुढे केला. सरांनी तो घेतला, पुन्हा एकदा सगळं वाचलं आणि सही केली. शाई वाळायची वाट न पाहता नाजमीन सुनंदाबाईंच्या मागोमाग खाणीच्या उतरणीला लागली.