पुढची सीट

"माझं वजन वेगळं आणि डुकराचं वेगळं धर ना रे, माका. एकत्र धरलंस तर लोकांना वाटेल सगळं मीच आहे."

कालोलाइने काकू काट्यावर उभी राहून कुरकुरत होती. तिचं तोंड माझ्या कानाशीच होतं, कारण वावाऊ या मोठ्या बेटावरच्या विमानतळाची ती खोली भरली की रांग अशी राहत नाही, सगळे एकमेकांच्या अंगावर उभे असतात. तिच्या काखेत केळीच्या पानात गुंडाळलेलं भाजलेलं पिल्लू होतं आणि अंगावर एकावर एक तीन झगे. सामान हलकं भरावं म्हणून झगे पिशवीतून काढून अंगावर चढवले होते. आमच्याकडे माणूस आणि सामान एकाच काट्यावर चढतं, हे तिला दर खेपेला काट्यावर चढल्यावरच आठवतं.

"काकू, विमानाला काय कळतंय कुठलं मांस कुणाचं!" म्हणत माकानं आकडा मोठ्यानं वाचला.

आकडा मोठ्यानं वाचायचीच पद्धत आहे. भरघोस आकडा आला की मागून कुणीतरी कौतुकानं "वा!" म्हणतं. काकूला मिळाला तो वा. माझी पाळी आली तेव्हा माका नुसता माझ्याकडे बघत राहिला. "मावशी, घरी जेवायला देत नाहीत का तुला?" आयुष्यभर शिवणयंत्राला चिकटून बसलेल्या बाईचं वजन कुठून वाढणार? मी तिकीट घेऊन बाजूला झाले.

तिकिटावर 'इकॉनॉमी' असं छापलेलं असतं. या विमानात दुसरा वर्ग नाही, पडदा नाही, विमानसुंदरी नाही, वैमानिक आणि आपण यांच्यात दारसुद्धा नाही. पण वैमानिकाच्या शेजारी एक सीट रिकामी असते, ती एका प्रवाशाला मिळते. तिला आम्ही पहिला वर्ग म्हणतो. समोर सगळा समुद्र, कानाला हेडफोन. कालोलाइने काकू कित्येक वर्षं ती सीट मागते आहे.

मग काट्यावर लिसिआते चढला आणि खोली गप्प झाली.

लिसिआते माझा भाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोलाउचा मुलगा. आकडा असा आला की एरवी टाळ्या पडल्या असत्या. पण कुणी वा म्हणालं नाही, कारण बाहेर उन्हात, विमानाच्या चाकाशी वाकून उभी असलेली वैमानिक पेलेनाइसे होती, त्याची धाकटी बहीण. आमच्यात भाऊ-बहीण जिथे असतात तिथे कुणी थट्टा करत नाही. मिसरूड फुटलं की मुलगा बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिच्या शेजारी बसत नाही, तिच्याशी फार बोलत नाही. मान बहिणीचा. तिला काही हवं असेल तर ती तिसऱ्या माणसाकडून सांगते आणि भाऊ मुकाट करतो. मी आणि फोलाउ असेच म्हातारे होत आलो आहोत. मला त्यात कधी काही खुपलं नाही.

पण लिसिआते या रीतीच्या आड लपतो, हे मला ठाऊक होतं. सगळ्या गावालाच ठाऊक होतं.

खरं तर वैमानिक तो व्हायचा होता. बायकांनी विकायला पावसाळाभर चटया विणल्या, पुरुषांनी कावा प्यायच्या बैठकींना गाणी म्हणून वर्गणी जमवली आणि गावानं लिसिआतेला ऑकलंडला पाठवलं. त्याच्या मापाचा पांढरा सदरा मी शिवला होता, खांद्यांवर पट्ट्या लावायला जागा ठेवून. पट्ट्या मिळायच्या आतच तो परत आला. डोळ्यांच्या डॉक्टरनं नापास केलं होतं. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. ऑकलंडात आमची अर्धी माणसं राहतात, त्यामुळे बातमी त्याच्या आधी पोचली. तो धक्क्यावर उतरला तेव्हा फोलाउ मोठ्यानं म्हणाला, "बरं झालं आलास, शेतात मला माणूस हवाच होता." सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हापासून लिसिआते शेतासाठी परत आला, असंच सगळे म्हणतात. त्यानं कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. व्हॅनिला लावली, लग्न केलं, जाड झाला.

पुढे पेलेनाइसे याच खोलीत, याच काट्यावर नोकरीला लागली आणि एके दिवशी मला म्हणाली, "आत्या, मी जाऊ का शिकायला?" मी म्हटलं, "जा की." दुसऱ्या सकाळी माझ्या उंबऱ्यावर तो पांढरा सदरा घडी घालून ठेवलेला. लिसिआते अंगणात पाठमोरा उभा होता. "कापड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं," म्हणाला आणि गेला. मी तो सदरा उसवून तिच्या मापाचा केला. केवढा सदरा तो! उरलेल्या कापडात उशीचे दोन अभ्रे निघाले.

तिला पट्ट्या मिळाल्या. मोठ्या वैमानिकांच्या शेजारी बसून तिनं उड्डाणं केली. लिसिआते मात्र वावाऊला यायचं तर बोटीनंच येत राहिला, रात्रभर ओकत, पण बोटीनंच. आज बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. आजच पेलेनाइसे पहिल्यांदा एकटी, कप्तान म्हणून, आमच्या बेटावर विमान उतरवणार होती. उद्या रविवार, रविवारी आमच्याकडे आकाशही बंद असतं. फोलाउनं तिसऱ्याकडून मला फोनवर निरोप दिला होता. "दोघं एकत्र उतरलेली बघायचीत मला. तू आत्या आहेस, तुझं ऐकेल तो." आत्याचा शब्द आमच्यात मोडत नाहीत. मी लिसिआतेला म्हटलं, "चल." तो आला. त्याचा चेहरा मात्र बोटीतून उतरल्यासारखाच होता.

विमानात शिरल्याबरोबर तो तडक शेवटच्या सीटवर गेला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. कालोलाइने काकू पिल्लू सांभाळत पुढच्या सीटकडे निघाली होती. तेवढ्यात पेलेनाइसे मागच्या दारातून वाकली, माकानं दिलेले आकडे बघितले, सगळ्यांवर नजर फिरवली आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आत्या, मागं भार फार झाला. शेपूट जड होतंय. माझ्या भावाला सांग, पुढं बसायला."

तिच्यात आणि भावात दोन हातांचं अंतर नव्हतं.

"लिसिआते, तुझी बहीण म्हणते पुढं बस."

"आत्या, तिला सांग, मी इथंच बरा."

"आत्या, त्याला सांग, तो इथं बसला तर मला मागच्या सामानातल्या चटया उतरवाव्या लागतील, नाहीतर माणूस."

"मी उतरतो, सांग तिला. बुधवारच्या विमानानं येईन."

काकू कुजबुजली, "मी उतरले तर? पण डुक्कर गार होईल ना गं."

पेलेनाइसेनं आकड्यांचा कागद खिशात घातला. बोलली माझ्याशीच, पण बघत होती त्याच्या पाठीकडे. "आत्या, भावाला सांग, बहीण मागतेय."

मी हे सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. असं मागितल्यावर भाऊ नाही म्हणत नाही. म्हणाला तर मग आमच्यात भाऊ कशाला म्हणायचं? लिसिआते उठला. विमान एका बाजूला झुकलं. डोकं वाकवून, सगळ्यांच्या गुडघ्यांना घासत तो पुढे गेला आणि त्या सीटमध्ये स्वतःला कोंबून बसला. पट्टा पोटावर पुरेना. पेलेनाइसेनं जोडपट्टा काढून माझ्या हातात दिला आणि मी मागून तो त्याच्या हातात. मग हेडफोन आला, तोही तसाच. ते दोघं खांद्याला खांदा लावून बसले, पण नजरा मात्र दोन टोकांना.

"गेला माझा पहिला वर्ग," काकू म्हणाली आणि पिल्लू मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली.

विमान उडालं. इंजिनाचा आवाज सुरू झाला की आमच्या विमानात बोलणं संपतं. मी लिसिआतेच्या मानेकडे बघत बसले. बराच वेळ मान ताठ होती. मग ढगांच्या वर आलो तेव्हा ती जरा वळली. पेलेनाइसेचे हात एका बटणावरून दुसऱ्यावर जात होते आणि त्याची मान त्या हातांमागे फिरत होती. तिनं कसला तरी दांडा ओढायच्या आधीच त्याची नजर तिकडे पोचलेली असायची. काही विसरला नव्हता मेला. इतकी वर्षं व्हॅनिलाच्या वेलींमध्ये उभा राहून हेच करत असणार.

काकूनं मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी पुढं दाखवलं. तिलाही दिसलं होतं.

आमचं बेट आलं. वरून बघितलं की नेहमी वाटतं, एवढ्याशा जागेत आपण इतकी भांडणं कशी बसवली. धावपट्टीच्या कडेला सगळं गाव उभं होतं. बँडवाल्यांची पितळी वाद्यं चमकत होती. पेलेनाइसे खाली, खाली येत गेली, नारळाची झाडं खिडकीच्या उंचीला आली, आणि इतक्यात लिसिआते ओरडला. त्याच्या कानाला हेडफोन आहे हे विसरून ओरडला, आम्हाला सगळ्यांना इंजिनावरून ऐकू येईल असा.

"वर घे, पेले! डुकरं! उजवीकडं, डुकरं!"

पेले. लहानपणी दोघं एका चटईवर लोळायचे तेव्हा तो तिला असं हाक मारायचा.

पेलेनाइसेनं मागं वळून विचारलं नाही, "आत्या, काय म्हणतो तो?" तिनं विमान वर घेतलं. काकूचं पिल्लू माझ्या मांडीवर आलं. खिडकीतून मला दिसलं, एक मादी आणि तिच्यामागे पिल्लांची माळ, तांबूस मातीच्या रंगाची, सुकलेल्या गवतातून धावपट्टीवर आलेली. गावातली अर्धी माणसं बँड टाकून त्यांच्या मागे पळत होती. तिच्या बाजूनं ती दिसणारच नव्हती. त्याच्या बाजूनं दिसली.

विमानात कुणी हसेना. भाऊ-बहिणीसमोर काय हसणार? पण काकूचे खांदे हलायला लागले, मग तिचे तिन्ही झगे हलायला लागले, आणि ती म्हणाली, "अगं, एवढ्या वर्षांनी बहिणीशी बोलला, आणि काय बोलला!" मग सगळेच हसले. मीही. आणि पुढच्या दोन डोक्यांपैकी धाकटं डोकंही हलत होतं.

तिनं एक मोठी फेरी घेतली. लिसिआते उजव्या खिडकीला नाक लावून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते, थेट तिच्या कानात. काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही. मग चाकं टेकली, इतकी हलकी की काकूनं विचारलं, "उतरलो का गं?"

दार उघडलं. बँड पुन्हा जमला होता, ढोलवाला धापा टाकत वाजवत होता. फोलाउ खुर्चीत बसला होता, मानाच्या प्रसंगी कमरेभोवती गुंडाळतात ती चटई मुद्दाम धुऊन नेसून. पेलेनाइसे उतरली तसा सगळ्या बायकांनी कल्ला केला, गळ्यात माळा पडल्या, इतक्या की खांद्यांवरच्या पट्ट्या झाकल्या गेल्या. ती बापाच्या पायाशी बसली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आभाराचं बोलणं त्याच्याच्यानं होईना.

पण कुणीतरी बोलावं लागतं. घरचं माणूस असं आलं की घरच्या मुलानं गावाचे आभार मानायचे, ही रीत आहे. चर्चचे वडीलधारे लिसिआतेकडे वळले. "बोल बाबा, तुझ्या बापाच्या वतीनं."

बँड थांबला. सगळे जमिनीकडे बघायला लागले. प्रत्येकाला माहीत होतं तो काय म्हणेल: देवाचे आभार, गावाचे आभार, चटया विणणाऱ्या हातांचे आभार. कुणाला पाठवायला विणलेल्या चटया, ते म्हणणार नाही. आम्हीही विचारणार नाही. तेवढ्यात कालोलाइने काकूनं पिल्लू उघडलं आणि जेवणाच्या वासानं दोन कुत्री आली.

पेलेनाइसे उठून विमानाकडे गेली होती, भावाच्या भाषणात समोर उभं राहू नये म्हणून. पाठमोरी, चाकाजवळ वाकलेली, माझ्या शिवणीचा सदरा पाठीवर घामानं चिकटलेला. लिसिआतेनं तिच्याकडे बघितलं. पाठीकडे बघायला आमच्यात हरकत नाही. मग घसा साफ केला आणि गावाकडे वळला.

"तुम्ही मला वैमानिक व्हायला पाठवलं होतं," तो म्हणाला. फोलाउनं खुर्चीतून हात वर केला, थांब म्हणून. लिसिआते थांबला नाही. "शेतासाठी मी परत आलो नाही. बाबांनी माझी लाज झाकली, तुम्ही सगळ्यांनी झाकली. डॉक्टरनं मला परत पाठवलं. लाल आणि हिरवा मला सारखाच दिसतो. डुकरं दिसतात."

मागे कुणीतरी हुंदक्यासारखं हसलं.

"तुमच्या चटया वाया गेल्या नाहीत. फक्त चुकीच्या पोराला दिल्या होत्या. मी त्या सीटवर बसून आलोय, शेजारी बसून बघितलंय, म्हणून सांगतो. माझ्याच्यानं हे झालं नसतं, डोळे धड असते तरी झालं नसतं. या बेटाला वैमानिक हवा होता ना? ती बघा, तिकडं चाकाजवळ. माझी बहीण."